बू एंतिनची आरपार पेटी

बू एंतिनना साप आवडत नाहीत. हे आधीच सांगते, कारण आमच्या गल्लीतली मुलं त्यांना सापवाली आजी म्हणतात आणि त्या ते ऐकून घेतात. त्यांचं खरं काम सिंपिंगचं. कसावाच्या पिठाचे कागदासारखे पातळ पापड, लांब दांड्याच्या लोखंडी साच्यात दाबून शेगडीवर भाजायचे. इंडोनेशियातल्या आमच्या पुर्वाकर्तात हे करणारी घरं पुष्कळ आहेत, पण त्यांच्याइतकं पातळ कोणाचंच होत नाही. पस्तीस वर्षं साचा धरून त्यांचं उजवं मनगट काळवंडलं आहे. नवरा ट्रक चालवायचा, तो सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगा एकच, विल्दान.

मी मूळची महाराष्ट्रातली; त्यांच्या शेजारी राहते, एकोणीस वर्षं झाली. मला त्या 'नेंग' म्हणतात, इथे धाकट्या बाईला म्हणतात तसं; मोठ्या बाईला 'बू', पुरुषाला 'पाक' किंवा 'कांग'.

साप विल्दानचा. दोन हात लांब, जाडसर, तपकिरी अंगावर फिक्या चकत्या. अजगराच्या जातीचा, म्हणजे बिनविषारी, पण लहानखोर. भ्यायला की चेंडूसारखा गोळा होतो. नाव कोपी, म्हणजे कॉफी. विल्दान त्याला आपल्या खोलीत काळ्या प्लास्टिकच्या खणात ठेवायचा. दोन वर्षांपूर्वी तो तैवानला कारखान्यात कामाला गेला, तेव्हा निघताना आईला एवढंच म्हणाला, "एमा, कोपीला बघ." दहा दिवसांनी एक उंदीर द्यायचा, रोज पाणी बदलायचं आणि रविवारी वजन करायचं.

"आणखी काही म्हणाला नाही?" मी विचारलं होतं.

"काय म्हणणार? आमचं बोलणं म्हणजे जेव, झोप, छत्री घे. गप्पा तो बापाशी मारायचा."

पहिले काही महिने त्याचा फोन महिन्यातून एकदा यायचा. बरी आहेस ना, हो, ठेवतो. एवढाच. बू एंतिन फोन ठेवून पुन्हा शेगडीशी बसायच्या आणि त्या दिवशी एखाददुसरं सिंपिंग करपायचं.

मग कोपी पळाला. पाणी बदलताना त्यांनी काळा खण उघडला, साप कागदाखाली असेल असं धरून चालल्या, आणि खण नीट बंद झाला नाही. दोन दिवसांनी तो माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे मिळाला. मी आधी हात जोडले आणि मग त्यांना हाक मारली. त्या केरसुणी, टॉवेल आणि पातेल्याचं झाकण घेऊन आल्या.

"हात काय जोडतेस? त्याला टॉवेलमध्ये घे."

"तुम्ही घ्या. तुमचा आहे."

"माझा कुठला? माझा असता तर केव्हाच नदीवर सोडला असता."

शेवटी दोघींनी मिळून घेतला. संध्याकाळी गल्लीप्रमुख पाक यायान आले. भला माणूस, पण घाबरला होता. म्हणाला, "बू, साप ठेवा, मी काढा म्हणत नाही. पण तो कुठे आहे ते दिसलं पाहिजे. बाया माझ्या दारात येऊन बसल्यात."

म्हणून आम्ही दोघी कांग दिदिनच्या दुकानात गेलो. मैदानामागच्या टपऱ्यांत त्याचं दुकान आहे. सरडे, कासवं, साप आणि गोठवलेले उंदीर, सगळं तिथेच मिळतं. दिदिनने तीन प्रकार समोर मांडले. पूर्ण काचेची टाकी, वर जाळीचं झाकण. ती उचलायला दोन माणसं लागली असती आणि किंमत ऐकून बू एंतिननी तिच्याकडे पाहणंच सोडलं. दुसरी लाकडी पेटी, तीन बाजू फळ्यांच्या आणि पुढे सरकती काच. तिसरा कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा. सगळीकडून स्वच्छ पारदर्शक, कडांना क्लिपा, लाकडी पेटीच्या निम्म्याहून कमी किमतीत.

"लाकडी घ्या बू," दिदिन म्हणाला. "थोडे जास्त पडतील, पण साप सुखात राहील."

"आणि मागून कसा दिसणार?"

"मागून कशाला बघायचंय?"

"मी सिंपिंग पत्र्याच्या डब्यात ठेवायचे तेव्हा लोक डबा हलवून बघायचे, आत चुरा तर नाही ना. पारदर्शक पिशवीत भरायला लागले तशी कोणी शंका घेईना. जे दिसतं त्याची भीती वाटत नाही."

"बू, पण हा विकायचा नाहीये."

"गल्लीला तर दाखवायचाय."

यावर तो हसला आणि त्याने प्लास्टिकचा डबा काढला. तापलेल्या सळईने कडेने भोकं पाडून दिली. वर एक मातीचं भांडं दिलं, काठाशी दारासारखं फोडलेलं. म्हणाला, "हे आत उलटं ठेवा. तो यात लपेल. काही झालं तरी काढू नका."

त्यांनी मान हलवली. घरी आल्यावर कोपी भांड्यात शिरला तो बाहेर येईना. पाक यायान बघायला आले तर आत नुसतं भांडं. "आहे ना नक्की?" ते म्हणाले. दोन दिवसांनी बू एंतिननी भांडं काढून मोरीत ठेवलं. डबा पुढच्या खोलीत आला, सिंपिंगच्या पाकिटांशेजारी. गिऱ्हाईक यायचं, वाकून बघायचं. मुलं टकटक करायची.

त्या रविवारी विल्दानला व्हिडिओ कॉलवर डबा दाखवला आणि पहिल्यांदाच त्याने फोन लगेच ठेवला नाही.

"अगं एमा, सगळाच दिसतो की. फिरव जरा. डोकं बघ कसं धरलंय."

"मला काय कळतंय त्यातलं."

"कात टाकायला आलाय. डोळे निळसर झालेत का बघ."

बू एंतिन चष्मा लावून डब्याला नाक लावून बघत बसल्या. "झालेत रे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी चारला फोन. कधी मधल्या वारीही. त्याच्या खोलीतली मुलं मागून डोकावायची, कोणीतरी व्हिएतनामी मुलगा कोपीला हात हलवून दाखवायचा. बू एंतिन रविवारी तीनलाच शेगडी विझवायच्या, डोक्यावरचा रुमाल बदलायच्या आणि डबा पुसायच्या. सापाबद्दल त्या इतकं शिकल्या की दिदिनला सल्ले देऊ लागल्या.

पुढच्या महिन्यात कोपीने उंदराकडे पाठ फिरवली. दहा दिवसांनी पुन्हा दिला, पुन्हा तसाच राहिला. पिठाच्या काट्यावर वजन करायच्या त्या. सातशे वीस ग्रॅम होता तो सहाशे चाळीस झाला. डब्याच्या भिंतीला नाक घासत इकडून तिकडे, तिकडून इकडे. नाकाशी सोललं होतं.

"तुझ्या देवाला सांग," त्या मला म्हणाल्या. "तुमच्यात सापाची पूजा करतात ना? म्हणावं, जेवायला सांग त्याला."

मी खरंच सांगितलं, समईपुढे उभं राहून. पण रविवारी विल्दानने विचारलं, "एमा, खाल्लं का त्याने?" आणि त्या म्हणाल्या, "खाल्लं. अख्खा गिळला." मी तिथेच पाकिटं भरत होते. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

नंतर मी म्हणाले, "खरं सांगा ना. तोच काही उपाय सांगेल."

"सांगेल, साप दिदिनला देऊन टाक. मग तो रविवारी फोन कशाला करेल, नेंग?"

शेवटी मीच दिदिनला घेऊन आले. त्याने डबा पाहिला, मग मोरीतलं भांडं पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"बू, तुम्ही याला चौकात बसवून जेवायला वाढताय. चारी बाजूंनी माणसं. हा लपल्याशिवाय घास घेत नाही."

"मला काय माहीत. आम्ही तर दारात बसून जेवतो."

त्याने भांडं आत ठेवलं, डब्याच्या तीन बाजूंना जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवली, डबा आतल्या खोलीत नेला. म्हणाला, दोन आठवडे हात लावायचा नाही. आणि खाल्ल्यावर तीन दिवस तर त्याच्याकडे बघायचंही नाही. हलवलं तर ओकेल, आणि ओकला तर उंदरापेक्षा जास्त त्याच्या अंगातलं जाईल.

मधल्या रविवारी त्यांनी झोपलाय म्हणून डबा दाखवलाच नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कोपीने खाल्लं. शनिवारी संध्याकाळी. बू एंतिन मला सांगायला धावत आल्या, हात पिठाचे तसेच.

दुसऱ्या दिवशी चारला फोन.

"काही दिसत नाही एमा. हे कागद कसले?"

"त्याला थंडी वाजते."

"पुर्वाकर्तात?" तो हसला. "भांडं उचल. दोन आठवडे पाहिला नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको. एवढ्यात तो म्हणाला, "बरं राहू दे, झोपला असेल तर. मग ठेवतो, पोरं खाली खेळायला बोलावतायत." त्यांनी पटकन भांडं उचललं. कोपीला दोन्ही हातांत घेऊन फोनसमोर धरलं, आणि अर्धा तास धरून ठेवलं.

सोमवारी सकाळी डब्यात ओकारी होती.

हे आणखी दोनदा झालं. वार बदलून बघितले, पण त्याला सुट्टी मिळाली की फोन यायचा, आणि फोन आला की त्यांचा हात भांड्याकडे जायचा. मी रागावले, दिदिन रागावला. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "या खेपेस नाही उचलणार."

एका बुधवारी कोपी भांड्यातच मेलेला मिळाला. चारशे तीस ग्रॅम. मेलेल्या सापाचंही त्यांनी वजन केलं, का ते त्यांनाच ठाऊक. मागच्या पेरूखाली खड्डा केला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाल्या. मी घरी येऊन दिवा लावला.

त्या रविवारी मी मुद्दाम गेले, म्हटलं आज सांगतील. त्यांनी डबा पुसून ठेवला होता, बाजूंना चिकटवलेले कागद काढून टाकले होते. आत ताजं पाणी आणि मधोमध उलटं भांडं.

"आत बसलाय," त्या विल्दानला म्हणाल्या. "हल्ली बाहेरच येत नाही."

चार रविवार तो त्या भांड्याकडे बघून बोलत राहिला. कारखान्यात मिळणारं जेवण, नवा मुकादम, दाढ दुखते ते. इतकं तो साप जिवंत असतानाही बोलला नव्हता. बू एंतिन हं हं करायच्या आणि भांड्यावरची नजर हलवायच्या नाहीत.

पाचव्या रविवारी तो म्हणाला, "एमा, भांडं उचल."

"झोपलाय रे."

"उचल."

त्यांनी उचललं. खाली कोरडा कागद होता. तिकडे त्याच्यामागे कोणीतरी कशाला तरी हसलं, त्याचा आवाज आला.

"कधी?"

"महिना झाला."

"खात होता म्हणालीस."

"म्हणाले."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रस्ता विचारावा तसं त्याने विचारलं, "मग आता आपण काय बोलायचं?"

बू एंतिनचे ओठ हलले. "जेवलास का?" त्या म्हणाल्या.

"हो."

मग तो ठेवतो म्हणाला.

पुढचे दोन रविवार मी पाहिले. तीनला शेगडी बंद, हात धुऊन, रुमाल बदलून त्या फोनसमोर बसायच्या. डबा त्यांनी दिदिनला परत केला होता. फोन वाजला नाही.

परवा वाजला. "काय करतेस?" त्याने विचारलं. "काही नाही," त्या म्हणाल्या. "बरं," तो म्हणाला, आणि संपलं.

"अहो, सांगायचं ना," मी म्हणाले, "सिंपिंग भाजत होते, पीठ आज चिकट निघालं, काहीही."

त्या साचा पुसत होत्या.

"ते त्याला माहीत आहे, नेंग," त्या म्हणाल्या.