पंचमीच्या फेरात सासूबाई

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "इकडच्या आजोबांनी आम्हाला ओळखलं नाही, तर आम्ही काय बोलायचं?" तुमच्या आईचे वडील अलीकडे विसरू लागले आहेत, हे मला ठाऊक होतं. फोनवर उत्तर घाईत राहून गेलं, म्हणून आज सवडीने लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जालन्यात इंग्रजी शिकवत होते. तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, गावी, धावड्याला, थोरल्या जाऊबाईंकडे असत. जाऊबाई त्यांना आत्याबाई म्हणत. त्यांना डिमेन्शिया झाला होता. हा शब्द मला जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितला. गावात त्याला म्हातारचळ म्हणत. आल्यागेल्याची एकच तऱ्हा होती: समोर वाकून मोठ्याने विचारायचं, "वळखलं का मला? सांगा बरं, मी कोण?" आपल्याकडे ही मायाच समजतात. पण नाव आठवेना की सासूबाई कावऱ्याबावऱ्या होत, मग चिडून हात उगारत. गल्लीतल्या पोरींना तर तो खेळच झाला होता.

नागपंचमीसाठी मी गेले, तेव्हा जाऊबाईंनी सांगून टाकलं, "यंदा आत्याबाई आतल्या खोलीत राहतील. फेराला सगळ्या गावच्या बाया येतात. माझ्या पोरीची सोयरीक बघून राह्यलो आम्ही. घराण्यात येड हाय म्हणतील."

"ताई, गाणी तर सगळ्यांना त्यांनीच शिकवली."

"तुला काय! तू चार दिसांनी जालन्याला जाशील."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मी पोरींना ओसरीवर गोळा केलं. आजी सोंग करत नाही, हा आजार आहे, असं समजावलं. त्यांना नाव विचारायचं नाही, आपलं सांगायचं. समोरून हात धरायचा, ओढायचा नाही. गाण्याची पहिली ओळ म्हणून थांबायचं. एकीने गाण्याला सिनेमाची चाल लावली, तर आतून आवाज आला, "चाल मोडली गं, भवाने!" पोरी खो खो हसल्या. सासूबाई आपणहून बाहेर आल्या आणि पुढची ओळ म्हणाल्या. मग रोज संध्याकाळी तेच चाललं. जाऊबाई भाकरी थापत ऐकत असत.

पंचमीला त्यांनीच सासूबाईंना नवं लुगडं नेसवलं. "काही झालं तर तुलाच धरीन," मला म्हणाल्या.

लिंबाखाली बाया जमल्या. शेजारच्या काकूंनी आल्या आल्या विचारलंच, "वळखलं का मला?"

पोरी एका सुरात ओरडल्या, "काकू, परीक्षा घ्यायची न्हाई! नाव सांगा!"

काकूंनी लाजून नाव सांगितलं. सासूबाईंनी गाणं उचललं. मध्ये शब्द निसटले ते पोरींनी भरले, पाऊल मात्र एकदाही चुकलं नाही. फिरता फिरता त्या जाऊबाईंपाशी थांबल्या.

"ही कोन गं, कडंला उभी? फेर येत न्हाई का हिला?"

रोज ज्या सुनेच्या हातचं जेवत, तिलाच हे विचारलं, तेही सगळ्यांसमोर. जाऊबाईंचा चेहरा उतरला. मग त्या हसून म्हणाल्या, "तुम्हीच शिकवला की, आत्याबाई. मी तुमची थोरली सून."

"मंग ये की!"

आणि त्या फेरात शिरल्या.

पुढे सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना जाऊबाईंनी आजाराचं आधीच सांगितलं. लग्न जमलं. शेवटी शेवटी सासूबाई गाणीही विसरल्या, पण टाळी ठेक्यात देत. आता त्या नाहीत, जाऊबाईही नाहीत. धावड्याच्या त्या गल्लीत पंचमीला फेर अजून धरतात, आणि ज्यांना आठवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना मधोमध बसवतात.