गुडघ्यातला हंस

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका कोऱ्या कापडाचा शत्रू दापोडीत दुसरा नाही. हे विधान मी तपासून करतो आहे. त्यांच्या पडद्यांवर हंस आहेत, चादरींवर कोयऱ्या आहेत आणि पायपुसण्यावर असे कमळ आहे की त्यावर पाय द्यायला पाहुणे कचरतात आणि चिखल तसाच घरात नेतात. चाकणच्या एका कंपनीत, पॅकिंग खात्यात, त्यांची सारी नोकरी झाली. खोक्यांवर पत्र्याचा साचा धरायचा आणि काळ्या रंगाने बाण आणि ‘ही बाजू वर’ उमटवायचे, हे काम. निवृत्तीनंतर खोकी सुटली, हात थांबला नाही. त्यांच्या उशांच्या अभ्र्यांवर अजूनही बाण असतो. मला भेट दिलेला अभ्रा मी उलटा घातल्याचे त्यांना दारातून दिसले, तेव्हा चपला काढून आत येऊन त्यांनी आधी उशी सरळ केली आणि मग साखर मागितली.

कापड कुणाचे आहे, हा प्रश्न ते गौण मानतात. गच्चीत वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर एकदा पोपट येऊन बसला. मी जाब विचारला. “राव, कोराच होता,” काका म्हणाले. “शर्ट कोराच असतो, काका.” “म्हणून तर!” तो शर्ट कुठून घेतला, असे ऑफिसात तिघांनी विचारले. ही बाब मी त्यांच्यापासून लपवून ठेवली आहे.

साचे ते जुन्या एक्सरेंतून कापतात. ती फिल्म भिजत नाही, ब्लेडने कड स्वच्छ निघते आणि स्पंजने रंग थोपटला तर खालून पसरत नाही. साऱ्या इमारतीची मोडकी हाडे त्यामुळे त्यांच्याकडे जमा आहेत. काम झाले की प्रत्येक एक्सरे धुऊन ज्याच्या त्याच्या नावाच्या पाकिटात परत जातो. पॅकिंग खात्याची शिस्त. स्वतःचा छातीचा एक्सरे मात्र त्यांनी अख्खा जपला होता. “तो डॉक्टरला लागतो,” म्हणायचे.

या राज्यात एकच वस्तू स्वतंत्र होती. काकूंची बुद्धविहारात नेसून जायची पांढरी साडी. दर पौर्णिमेला काका विचारायचे, “नुसता काठ देऊ का?” काकू म्हणायच्या, “हात लावून बघा, तुम्हालाच दोरीवर वाळत घालते.”

मग काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. डॉक्टरांनी तुलनेसाठी जुना एक्सरे मागितला. काकांनी काकूंच्या नावाचे पाकीट उचलले आणि आम्ही तिघे गेलो. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली. सांध्याच्या जागी हंसाच्या आकाराचे भोक होते.

“काका, इथे गुडघा होता.”

“पडद्यावर आहे,” काका म्हणाले.

हसलो तो मी एकटाच. नवा एक्सरे निघाला, ऑपरेशन नीट झाले. पण काकूंनी बोलणे टाकले. “माझं दुखणंबी यांनी पडद्याला लावलं,” एवढेच मला म्हणाल्या. पुढचा सगळा व्यवहार माझ्यामार्फत. “यांना सांगा, चहा गार होतोय.” आणि काका दोन हातांच्या अंतरावर बसलेले. काकांनी रंगाच्या बाटल्या माळ्यावर टाकल्या. रोज सकाळी ते काकूंना दंडाला धरून गॅलरीत चालवायचे. गच्चीत सगळ्यांचे कपडे कोरेच वाळू लागले आणि आश्चर्य म्हणजे कुणालाच बरे वाटेना.

एका सकाळी काकूंनी दंड सोडवून घेतला. काठी टेकत एकट्या कपाटापर्यंत गेल्या, पांढरी साडी काढली आणि काकांच्या मांडीवर ठेवली. “पौर्णिमेला माझ्या पायांनी जाणारे मी. काठच करा. आणि मोर नको.”

काकांना पिंपळपान कापायचे होते. न कापलेली फिल्म मात्र उरली नव्हती. हल्ली एक्सरे फोनवर येतात. त्यांनी जपलेला तो एक काढला.

काठ वाळल्यावर काकूंनी तो एक्सरे उजेडासमोर धरला. फासळ्यांच्या मागे, डावीकडे, एक पान कापलेले होते.

“आता डॉक्टरनं मागितला तर?”

“सांग, साडीवर आहे.”

काठाची सगळी पाने रेखीव आहेत. पदराच्या टोकाचे एक तेवढे पसरले आहे. थोपटताना हात हलला, असे काका म्हणतात. ते पुसून पुन्हा करायला काकू साडी देत नाहीत.