छत्तीस मिनिटांची दौड

महिपत धनावडे घोड्यावर बसला की मनातल्या मनात मोजायला लागायचा. तो श्वास मोजायचा. घोडा चौखूर निघाला म्हणजे दर झेपेला एक श्वास टाकतो, असं तो सांगे. झेप आणि श्वास यांचा मेळ आहे तोवर घोडा स्वाराचा. तो मेळ सुटला की समजावं, जनावर आता आपल्या जिवाशी खेळतं आहे. रत्नागिरीत त्या काळी घोडी मोजकीच. लोक पायी चालत, फार तर बैलगाडीत किंवा टांग्यात बसत. त्यामुळे महिपतच्या या विद्येचा कोणाला फारसा उपयोग नव्हता, आणि तोही ती सांगत फिरत नसे.

त्याचं गाव पालीच्या अलीकडे, सड्याच्या, उघड्या कातळी माळाच्या उतारावर. भावकीतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि हा एकटा पलटणीत घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार म्हणून लागला. महायुद्धात त्याला आगबोटीने बसऱ्याला नेलं. तिथे १९१७ च्या उन्हाळ्यात एका साहेबाने त्याच्या हाती चिठ्ठी दिली आणि अकरा मैलांवरच्या छावणीत जायला सांगितलं. घोडा लाखा नावाचा, तपकिरी, शहाणा. सातव्या मैलाला लाखाच्या श्वासाचा मेळ सुटला, हे महिपतला मांड्यांखाली स्पष्ट कळलं. तरी त्याने टाच मारली. हुकूम होता, आणि वय बावीस होतं. छावणीत पोचल्यावर लाखा उभा राहिला, मान महिपतच्या खांद्यावर टाकून त्याने दोन लांब श्वास घेतले आणि तो कोसळला. तिथल्या साहेबाने चिठ्ठी वाचली, खिशात ठेवली, आणि उत्तर नाही म्हणून सांगितलं.

त्यानंतर महिपत कुठल्याही घोड्यावर बसून नको तितका वेग घेऊ लागला, की त्याला मागून आणखी एक श्वास ऐकू यायचा. खालच्या घोड्याच्या झेपेशी तो जुळत नसे. थोडा उशिराने, ओला, घरघरता. वळून पाहिलं तर मागे वाट रिकामी. वेग कमी केला की तोही थांबे.

ही गोष्ट त्याने फक्त बायकोला, हौसाला सांगितली होती. ती घाबरली नाही. दर अवसेला दुपारी ती भिजवलेल्या हरभऱ्यांची मूठभर वाडी, म्हणजे नैवेद्य, पानावर मांडून परसातल्या गडग्यावर, दगडी कुंपणावर ठेवू लागली. शेजारणी हसत, कावळ्यांची चैन आहे म्हणत. हौसा म्हणे, कावळ्यांनी खाल्लं तरी कोणाच्या तरी नावानेच खाल्लं ना.

पलटणीतून सुटल्यावर महिपत रत्नागिरीत आत्मारामशेटकडे चाकरीला राहिला. शेटचा लाकडाचा व्यापार होता, आणि साहेबलोकांत ऊठबस करण्याची हौसही होती. त्या हौसेपायी त्यांनी कोल्हापूरहून केतकी आणली. केवड्याच्या पातीसारखी फिकट पिवळी घोडी, कान सतत हलते, तोंड इतकं हलकं की लगाम नुसता बोटांवर धरावा. महिपतने तिला पाच वर्षं तयार केलं. ती गडगे ओलांडायला शिकली, पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, पाण्यातली जागा बघून उतरायला शिकली. उतारावर अंग मागे घ्यायला तिला शिकवावं लागलं नाही.

१९३१ च्या डिसेंबरात जिमखान्याच्या साहेबांनी तीन दिवसांची परीक्षा ठेवली. शुक्रवारी गावातल्या मैदानात घोडा किती ऐकतो ते बघायचं. शनिवारी सड्यावरून नऊ मैलांची दौड, वाटेत गडगे, चर, पऱ्ये. रविवारी गुरांचे डॉक्टर घोडी तपासणार. दौडीला छत्तीस मिनिटं दिलेली. आधी आलात तर फायदा काही नाही, उशीर झाला तर दर मिनिटाला गुण जाणार, आणि ज्याच्या घोड्याच्या कुशीत टाच मारून निघालेलं रक्त दिसेल तो बाद. महिपतला हे नियम फार आवडले. साहेबांच्या एखाद्या गोष्टीत एवढं शहाणपण त्याने प्रथमच पाहिलं होतं.

शेटना मात्र पहिला नंबर हवा होता. लाकडाचा मोठा ठेका त्याच साहेबांच्या सहीवर अडला होता, आणि केतकी पहिली येणार असं शेट चारचौघांत बोलून बसले होते. त्यांनी महिपतला पडवीत बोलावलं आणि सुपारी कातरता कातरता सांगितलं, "पहिली आली तर ती पागेत म्हातारी होईल. नाही आली, तर सोमवारी बाबू टांगेवाल्याकडे. शब्द देऊन ठेवलाय त्याला."

बाबू टांगेवाल्याचे टांगे रत्नागिरीहून पालीला जात. चढावर तो मागून वेताच्या छडीने घोडा हाकी. त्याच्या टांग्याला जुंपलेलं जनावर दुसरा शिमगा बघत नाही, असं लोक म्हणत.

गुरुवारी महिपत सगळी वाट पायी चालला. साहेबांच्या माणसांनी अडथळ्यांवर तांबडे बावटे लावले होते. महिपत ओणवा होऊन कातळ चाचपी, ओल बघे, खुराखाली काय येईल ते हाताने बघे. आठव्या मैलावर कुंभ्याचं एकटं झाड होतं. तिथून पुढे सपाट सडा, आणि साठ झेपांवर जांभ्या चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा. पलीकडे कोरडं, मोकळं गवत. आणखी तीसेक पावलं पुढे जुनी खोल चिरेखाण, तळाशी पाणी साठलेली, काठावर माणसाएवढं गवत वाढलेलं. गडग्यावरून उडी घेऊन लगेच डावीकडे वळलं की खाण बाजूला राहत होती. महिपतने ते वळण तीनदा चालून पाहिलं.

शुक्रवारी सगळी माणसं मैदानात होती. सड्यावर चिटपाखरू नव्हतं, असं सगळे धरून चालले. मैदानात बँडवाल्यांच्या ढोलाला केतकी बुजली आणि थोडे गुण गेले. म्हणजे शनिवारी छत्तीस मिनिटांच्या वर एक मिनिटही परवडणार नव्हतं.

शनिवारी सकाळी आठ वाजता सड्यावर धुकं उतरलेलं होतं. हाताच्या अंतरावरचं गवत पांढरं दिसत होतं आणि त्यापुढे काहीच नव्हतं. सहा घोडी होती, पाच पाच मिनिटांनी सुटणार होती. केतकी पहिली. तिच्यामागे फौजदारसाहेबांचा काळा घोडा.

पहिले सहा मैल महिपतने तिला हवी तशी जाऊ दिली. पऱ्याच्या उतारावर तिने स्वतःच वेग तोडला, आणि त्याने तिला तोडू दिला. सातव्या मैलावर घड्याळ घेऊन बसलेल्या कारकुनाने ओरडून सांगितलं, दोन मिनिटं मागे आहेस. महिपतच्या डोळ्यांसमोर बाबूची छडी आली. त्याने अंग पुढे टाकलं आणि टाच नुसती टेकवली. केतकी उधळली नाही. जणू विचारल्यासारखा एक कान मागे वळवून ती लांब झेपा घेऊ लागली.

मग मागून श्वास आला.

महिपतने तो ऐकला, आणि चौदा वर्षांत प्रथमच ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "आज नको रे," एवढंच तो पुटपुटला. कुंभ्याचं झाड धुक्यातून आलं आणि गेलं. तो मोजू लागला. वीस. तीस. मागचा श्वास जवळ आला, मांडीशेजारी आला. महिपतला डाव्या गुडघ्यावर ऊब लागली, घोड्याच्या नाकपुडीतून येते तशी दमट ऊब. पन्नास. केतकीचे दोन्ही कान सपाट झाले. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ.

गडगा नव्हता.

समोर नुसतं पांढरं धुकं होतं आणि खाली कोरडं गवत सरकत होतं. एकसष्ट. बासष्ट. आणि आता तो श्वास समोरून आला, थेट तोंडावर. केतकीने पाठ गोळा केली, पाय आखडले. महिपतच्या हातात लगाम होता. पुढे ढकलायचं की सोडून द्यायचं, हे ठरवायला अर्धी झेप होती. त्याने हात सैल सोडले आणि मागे बसला. चार आखूड पावलं टाकून केतकी थांबली. तिची छाती चिऱ्यांना टेकली होती.

गडगा तोच होता, वर तांबडा बावटाही होता. पण तो पुढे सरकला होता. महिपतने खाली उतरून पलीकडे डोकावलं. गवत, आणि गवताच्या मुळाशी काही नाही. त्याने एक चिरा ढकलला. बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला.

मग मागून टापा वाजल्या. या खऱ्या होत्या. महिपतने केतकीला वाटेवर आडवी उभी केली आणि ओरडू लागला. फौजदारसाहेबांनी घोडा कसाबसा आवरला आणि तोंडाला येईल ते बोलले. महिपतने नुसतं बोट दाखवलं. फौजदार उतरले, डोकावले, आणि दोन पावलं मागे सरले. नंतर हलक्या आवाजात म्हणाले, "तू नीघ. पुढच्या चौकीवरून मी माणूस पाठवतो."

"माणूस येईपर्यंत घोडा येईल, सायेब."

"मग तुझी वेळ गेली."

"व्हय."

फौजदार खाणीला वळसा घालून निघून गेले. महिपत थांबला. धुक्यात केतकीच्या अंगाची वाफ मिसळत होती. दर पाच मिनिटांनी टापा येत, तो ओरडे, घोडा आवरला जाई, शिव्या होत, आणि मग डोकावून झाल्यावर खाणीला तोच वळसा. असे पाच स्वार गेले. सहा घोडी होती. त्यातली एक त्याच्या हातात. आता निघायला हरकत नव्हती.

त्याने रिकिबीत पाय घातला, पण केतकी हलेना. ती कुंभ्याच्या झाडाकडे तोंड करून उभी राहिली, मान उंच, कान पुढे. आणि तिकडून आणखी एका घोड्याच्या टापा आल्या.

थकलेल्या जनावराची ती चाल होती. लांब, जड, मेळ सुटलेली. महिपतने हात वर केला. टापा अगदी समोरून आल्या, शेजारून गेल्या. वाऱ्याची झुळूकही नसताना केतकीची आयाळ एका बाजूला झाली. टापा गडग्यापाशी पोचल्या, आणि थांबल्या. महिपत पाण्याच्या आवाजाची वाट बघत राहिला. तो आवाज आलाच नाही. केतकीने मान खाली केली, फुरफुरली, आणि चालू लागली.

ती दौड पुरी झाली तेव्हा घड्याळात एक तास चार मिनिटं झाली होती. रविवारी डॉक्टरांनी तिच्या कुशीला कान लावला आणि सगळ्यांत निरोगी घोडी हीच, असं लिहून दिलं. साहेबाने महिपतशी हात मिळवला. पण वेळ ती वेळ. पहिला नंबर फौजदारांचा आला.

पंधरा दिवसांनी पालीच्या बाजारात त्या सड्याखालच्या गावचा धाकू गुरव भेटला, तेव्हा खरं काय ते कळलं. गडग्याच्या मुळाशी राखणदाराचा, गाव राखणाऱ्या देवाचा धोंडा होता. त्यावरून खूर जाणं बरं नव्हे, म्हणून जाऊ द्यावं का असा गावकऱ्यांनी देवाला कौल लावला होता. देवाने नाही म्हटलं. मग शुक्रवारी दिवसभर खपून त्यांनी गडगा चिऱ्याला चिरा जुळवत तीस पावलं पुढे नेऊन रचला, आणि साहेबाचा बावटा होता तसाच वर लावला. महिपतने विचारलं, खाण नाही दिसली? धाकू खाली बघू लागला.

"आमी काय घोडा उडताना बगलाय कदी?" तो म्हणाला. "बकरी चढते तसा हळूच चढंल नि हळूच उतरंल, असं वाटलं. सायबाचं काम होतं, म्हणून गडगा लई नीट रचलाव."

गडगा खरोखरच नीट रचलेला होता.

त्याच्या कितीतरी आधी, रविवारी संध्याकाळीच, महिपतने शेटना घडलं ते सगळं सांगितलं होतं. शेवटच्या टापांसकट. शेटनी शांतपणे ऐकून घेतलं. माणसं वाचवलीस ते बरं केलंस म्हणाले. पण ठेका गेला होता, लोक हसले होते, आणि बाबूला दिलेला शब्द उरला होता. सोमवारी सकाळी बाबू टांगेवाला दोरी घेऊन आला, तेव्हा महिपतने दोरी त्याच्या हातून घेतली आणि स्वतःच केतकीच्या गळ्यात बांधली. मग आपली घोंगडी खांद्यावर टाकून तिच्याबरोबर निघाला. शेटनी विचारलं, कुठे? महिपत म्हणाला, टांगा हाकायला माणूस लागेलच ना त्यांना. बाबूला पलटणीतला मोतद्दार फुकटात मिळाल्यासारखा वाटला. आपण काय पदरात घेतलं, हे त्याला महिन्याभरात कळलं.

कारण महिपतचा टांगा त्या रस्त्यावरचा सगळ्यांत हळू टांगा ठरला. चढ आला की तो उतरून चालायचा आणि उतारूंनाही उतरवायचा. मग टोमणे सुरू व्हायचे. साखरप्याच्या एका मास्तरांनी एकदा विचारलं, घोडीने आपल्याला न्यायचं की आपण घोडीला? महिपत म्हणाला, आधी आपण तिला, सपाटीवर ती आपल्याला. बाबूने दोनदा त्याला काढून टाकायचं ठरवलं. पण बायका-पोरं घेऊन जाणारी माणसं, बाळंतिणीला माहेरी नेणारी माणसं, रिकामा टांगा बघून विचारायला लागली होती, महिपतचा आहे का?

एकच गोष्ट नव्या उतारूंना चमत्कारिक वाटे. भर दुपारी, मोकळ्या सपाट रस्त्यावर, केतकी कधी कधी आपणहून थांबायची. कान पुढे करायची. वाटेवर काही नसायचं. एक गडी नाही, एक जनावर नाही. उतारू आधी कुरकुरत, मग तिच्याकडेच बघत राहत. कोणी पदर सावरून घेई. महिपत लगाम मांडीवर ठेवून विडी पेटवायचा आणि वाट बघायचा, तिला निघावंसं वाटेपर्यंत. १९३८ मध्ये मोटारी आल्या आणि टांगे उठले, तोवर सात वर्षं त्याने तिला एकदाही, चल, म्हटलं नाही.