सात नंबरच्या काचेवरचं फूल

नीलकंठराव पोंक्षे मूळचे चिपळूणचे. लहानपणी घाटात दरड कोसळून मामांची बैलगाडी तीन दिवस अडकली, तेव्हा मोठी माणसं रामरक्षा म्हणत होती आणि हा पोरगा पडलेला धोंडा छत्रीच्या काठीने मोजत होता. डोंगर का घसरतो, हा प्रश्न तेव्हा जो डोक्यात शिरला तो मुक्कामालाच राहिला. नशिबाने मात्र नोकरी दिली ती जयपूरच्या कॉलेजात, भूशास्त्र शिकवायची. जिथे लोक आभाळाकडे बघून बघून मान मोडून घेतात, तिथे हे पावसाने घसरणाऱ्या उतारांचे अभ्यासक. स्टाफरूममध्ये त्यांचं नाव पडलं होतं 'ढलानजी', म्हणजे उतारराव.

घरी तर सुमित्राबाईंच्या डब्यांवरच संशोधन चाले. कोरड्या कणांचा ढीग किती उभा राहतो ते बघायला हे गृहस्थ ताटात रवा ओतत, कोनमापक लावून आकडा टिपत, मग साखर, मग बाजरीचं पीठ. एकदा बाई दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "अहो, डोंगर मोजून झाला असेल तर शिरा करू का?"

"म्हणजे असं बघ," नीलकंठरावांनी सुरुवात केली, आणि बाई परत गेल्या. त्यांना माहीत होतं, 'म्हणजे असं बघ' आलं की पुढे अर्धा तास शिरा नाही. आधी दोनदा खाकरायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, मग 'म्हणजे असं बघा'. वर्गात तेच, बसमध्ये तेच. हिंदीत त्याचं 'मतलब ऐसा देखो' होई, आणि भाजीवाला निमूटपणे बघत बसे.

१९५९च्या उन्हाळ्यात त्यांना अखेर एक खरा उतार लाभला. आमेरमागच्या एका टेकडीच्या पायथ्याशी शाळा बांधायची होती. टेकडीवर मोठमोठ्या फरशा पालथ्या पडल्यासारखे दगडाचे थर, खाली भुसभुशीत मऊ पट्टा, आणि वरच्या दगडात बोट जाईल एवढी भेग. नीलकंठरावांनी सांगितलं, एक पावसाळा जाऊ द्या, मग लिहून देतो. इंजिनियर खंडेलवाल पान चघळत हसले. त्यांचं बोलणं नेहमी गादीवर लोळून उठल्यासारखं. "प्रोफेसर साब, ये राजस्थान है. यहाँ तो पहाड़ भी आलसी हैं. कौन उठके नीचे आएगा?"

तरी पावसाळाभराची मुदत मिळाली. नीलकंठरावांनी खिडकीच्या काचेच्या बारा पट्ट्या कापून आणल्या आणि भेगेवर आडव्या, दोन्ही टोकांना चुन्याने पक्क्या बसवल्या. युक्ती साधी: डोंगर केसभर हलला तरी काच तडकणार. प्रत्येकीवर लाल रंगाने आकडा घातला. प्रश्न राहिला राखणीचा. त्या टेकडीवर धापूबाई शेळ्या चारायची. पन्नाशीची, काटक, आवाज असा की वरून हाक मारली तर खालच्या बसचा ड्रायव्हर ब्रेक दाबायचा. शेळ्यांनी आणि पोरांनी काचा फोडू नयेत म्हणून नीलकंठराव खाकरले, चष्मा वर गेला, आणि त्यांनी तिला बजावलं, "मतलब ऐसा देखो, धापूबाई, ये काँच टूटना नहीं माँगता. टूटा तो मेरा सब काम डूबा."

धापूने मान डोलावली. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याचं काम बारा काचांवर तरंगतंय. तिला दया आली.

पावसाळा चांगला झाला. नीलकंठराव एक रविवार आड बसने आमेरला जात, टेकडी चढत, पर्जन्यमापकातलं पाणी मोजत, काचा मोजत. बाराच्या बारा शाबूत. धापू हातात ताकाचं गाडगं घेऊन उभी असे. एकही तडा नाही म्हटल्यावर ते तिची पाठ थोपटल्यासारखं बोलत आणि ती मोहरून जाई. दसऱ्याला त्यांनी फेऱ्या थांबवल्या आणि अहवालात लिहून टाकलं: उतार स्थिर, बांधकामास हरकत नाही. खंडेलवालांनी अहवाल वाचला, पान थुंकलं आणि म्हणाले, मैंने तो पहले ही कहा था. वसंतपंचमीला पायाचा दगड बसवायचं ठरलं.

त्याआधीच्या रविवारी नीलकंठराव आपल्या काचांचा निरोप घ्यायला गेले. सात नंबरपाशी थबकले. काचेच्या कोपऱ्यात एक सोनेरी फूल होतं. चष्मा खाली आणून पाहिलं, फूल तिथेच. आकड्यावर बोट घासलं तर बोट लाल झालं. तेलात कालवलेला शेंदूर.

त्यांनी धापूला हाक मारली.

धापूला विचारल्यावर तिने काहीच लपवलं नाही. उलट तिला वाटलं, आता तरी शाबासकी मिळतेय. काच तडकली की ती मंदिराबाहेरच्या, देवाच्या तसबिरी मढवणाऱ्याकडून तेवढीच पट्टी आणायची. चुना दिराकडचा, तो गवंडी. आकडा तर तिने हुबेहूब उतरवला होता. सणाला अंगणभर मांडणे, म्हणजे तिकडची रांगोळी, काढणाऱ्या हाताला एक आकडा काय जड? या वेळी फक्त दुकानात फुलवालीच काच उरली होती, त्याबद्दल माफी असावी.

"पण का, बाई?" नीलकंठराव मराठीतच म्हणाले.

तिला सूर कळला. ती समजूत घातल्यासारखी म्हणाली, "काँच टूट ज्याती तो थांको काम डूब ज्यातो नी, साब."

नीलकंठरावांना रडावं की हसावं कळेना. त्यांच्या सहीवर विसंबून तीन दिवसांनी त्या पायथ्याशी शाळेचा पाया घातला जाणार होता, आणि डोंगर पावसाळाभर हलत होता. मेलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, फुटक्या काचा कुठे फेकल्यास? धापूला रागच आला. फेकीन कशी, शेळ्यांच्या खुरात जातील की. तिने घरातून मडकं आणून पुढे ठेवलं. आत चिंध्यांत बांधलेल्या नऊ पुरचुंड्या. एकेक सोडत ती सांगत गेली. ही श्रावणातल्या तीजेच्या दिवशी, झोपाळा बांधायला आले तेव्हा. ही राखीच्या सकाळी. ह्या तीन जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशी. ह्या तीन जलझूलनी ग्यारसला, म्हणजे भाद्रपदातल्या एकादशीला. आणि ही परवा, मावठ पडली तेव्हा. मावठ म्हणजे हिवाळ्यातला चार शिंतोड्यांचा पाऊस.

नीलकंठरावांनी पर्जन्यमापकाची वही काढली. प्रत्येक सणाच्या मागेपुढे मोठ्या पावसाची नोंद होती. शेवटी मात्र नुसत्या शिंतोड्यानेही काच गेली होती. डोंगर सैल होत चालला होता. आणि गंमत अशी, की त्यांच्या पद्धतीने काच एकदा फुटून गप्प बसली असती. धापूने बदलत राहिल्यामुळे एकटी सात नंबर चारदा बोलली होती.

दुसऱ्या दिवशी ते धापूला आणि मडक्याला घेऊन खंडेलवालांच्या ऑफिसात हजर झाले. माझा अहवाल चुकला, असं उभ्यानेच सांगितलं. खंडेलवाल खुर्चीत अजूनच लोळले. निमंत्रणं गेली, मंडप ठरला, आणि आता बकरीवालीच्या मडक्यावरून सरकारने पाया हलवायचा? त्यांच्या मते भेग जुनी होती आणि काचा उन्हाने तडकल्या होत्या. डर की कोई बात नहीं, प्रोफेसर साब.

नीलकंठराव खाकरले, चष्मा वर नेला. पण 'मतलब ऐसा' एवढ्यावरच धापूने त्यांना हाताने थांबवलं.

"डर कोनी तो अठे थांको दफ्तर बणा ल्यो, साब," ती म्हणाली. "टाबर थोड़ा परै पढ़ ल्येसी."

भीती नाही तर इथे तुमचं ऑफिस बांधा, पोरं थोडी पलीकडे शिकतील. टेबलाजवळच्या कारकुनाने फायलीमागे तोंड लपवलं. खंडेलवालांनी पान चघळणं थांबवलं. ते मडक्यात डोकावले. मग सरळ बसले आणि नकाशा मागवला. शाळा दीडशे पावलं सरकली. मंडपही सरकला.

पुढच्या श्रावणात दोन बैलगाड्यांएवढी शिळा खाली आली आणि जुन्या नकाशात हेडमास्तरांची खोली होती तिथे येऊन बसली. शेळ्यांना ती फार आवडली.

नीलकंठरावांचा निबंध छापला गेला. तक्त्यात तारखांसमोर तीज, राखी, ग्यारस असं लिहिलेलं होतं, आणि खाली आभार धापूबाईंचे. संपादकांनी विचारणा केली होती की हे 'तीज' कुठल्या उपकरणाचं नाव आहे. सुमित्राबाईंनी ते पत्र रव्याच्या डब्यावर चिकटवलं.

नंतर दुसऱ्या टेकडीवर त्यांनी नव्या काचा लावल्या. धापूला नीट समजावलं: काच फुटली तर फुटू दे, हात लावू नकोस, फक्त सण लक्षात ठेव. तिने सगळं ऐकून घेतलं, हो म्हणाली. खाली उतरताना मात्र ती शेळीला सांगत होती, की साब माणूस भला आहे, पण डोकं घसरत चाललंय बिचाऱ्याचं.