एक शब्द उरलेला दोस्त

निवृत्तीनंतर माणसं एकमेकांना विसरतात, हे मी धरूनच चाललो होतो. पण लातूरचा माझा दोस्त मला विसरला आहे, हे रोज सकाळी सव्वासहाला मोबाइलवर कळायचं, त्याचा मात्र त्रास व्हायला लागला. कधी गुलाब, कधी कमळ, कधी वाफाळता चहाचा कप, आणि खाली छापलेलं, 'आपला दिवस आनंदात जावो.'

बावीस वर्षं आम्ही नांदेडच्या एका सरकारी कचेरीत शेजारशेजारच्या टेबलांवर काढली. तेवढ्या वर्षांत हा माणूस मला एकदाही 'आपला' म्हणाला नव्हता. सकाळी आत शिरताना त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "न्हाई, तुझं चुकलंय." म्हणजे कालचं भांडण तिथून पुढं सुरू. कालव्याच्या पाण्यापासून चहात आलं घालावं का नाही इथपर्यंत त्याला कशावरही वाद घालता यायचा. दुपारी डबे एकत्र उघडायचे. माझ्या डब्यातलं कालवण तो मला न विचारता ओढून घ्यायचा आणि त्यालाही नावं ठेवायचा. निवृत्त झाला तसा तो लातूरला गेला. बायको वारल्यावर मुला-सुनेजवळ राहू लागला. सुरुवातीला आठवड्याला फोन व्हायचे, मग महिन्याला, आणि मग नुसती फुलं सुरू झाली.

मी ती फुलं न उघडता पुसून टाकायचो. एकदा वैतागून लिहिलं, 'फुलं नको पाठवू, फोन कर.' उत्तर म्हणून वर केलेला अंगठा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमळ. मग मीच फोन लावला. तो कापला गेला आणि पाच मिनिटांनी संदेश आला, 'कामात आहे, नंतर बोलतो.' पेन्शनीवरच्या माणसाला असं कोणतं काम असतं? मी बायकोला म्हणालो, मोठा झाला तो आता, आपल्याशी बोलायला वेळ न्हाई. ती म्हणाली, जाऊ द्या. मी जाऊ दिलं. जाऊ देणं मला वयाप्रमाणे चांगलं जमायला लागलं होतं.

फुलं सुरू झाल्याला वर्ष होत आलं तेव्हा आमच्या पुतणीचा साखरपुडा लातूरला होता. जेवणं लवकर उरकली, परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून रिक्षा करून त्याच्या घरी गेलो. भेटायला म्हणून नव्हे, खरं सांगायचं तर चार शब्द सुनावायला.

दार सुनेनं उघडलं. मी नाव सांगितलं तशी ती दारातच थबकली. आतल्या खोलीत तो खुर्चीवर बसला होता. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. मला बघून त्याचा चेहरा हलला आणि तो म्हणाला, "हाव." आमच्याकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात.

मी विचारलं, काय झालं रे हे? तो म्हणाला, "हाव." कधी झालं? "हाव, हाव."

सुनेनं मला बाहेरच्या खोलीत बसवून पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. अकरा महिन्यांपूर्वी सकाळी चहा पिताना त्याच्या हातातून कप पडला. दवाखान्यात जीव वाचला, पण उजवी बाजू आणि बोलणं गेलं. समोरच्याचं बरंचसं कळतं, पण तोंडातून एवढा एकच शब्द निघतो. होकार असो, नकार असो, तहान लागलेली असो, तो 'हाव'च म्हणतो.

मला पहिल्यांदा राग आला तो तिचा. मी विचारलं, मग ती रोजची चित्रं तू पाठवतेस? कामात आहे म्हणून तूच लिहिलंस?

"कामात आहे, ते मी लिहिलं, काका. चुकलं माझं," ती म्हणाली. "पण चित्र तेच निवडतात. सकाळी उठले की डाव्या हातानं मोबाइल दाखवतात. मी एकेक चित्र समोर धरते. आवडलं नाही तर मोबाइल बाजूला सारतात. तुमच्यासाठी निवडायला लई वेळ लावतात."

पहिल्या महिन्यात बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. लोक त्याच्यासमोर बसून तो बहिरा असल्यासारखं बोलायचे, हळहळायचे, कुणी रडायचे. तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायचा. जुन्या दोस्ताला तरी कळवू का, असं तिनं विचारलं की तो मोबाइल हिसकून घ्यायचा. म्हणून ती गप्प राहिली. मी ऐकत होतो आणि मी न बघता पुसलेली फुलं मनात मोजता येतात का ते बघत होतो. येत नव्हती.

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा लातूरला जायला लागलो. लोहा, अहमदपूर, चाकूर, असं करत गाडी साडेतीन-चार तास घेते. तिथं गेल्यावर दोघांचं मलाच बोलावं लागे. कचेरीतलं कोण वारलं, कुणाची बायपास झाली, कुणाचा पोरगा पुण्याला घर घेऊन राहिला. तो मध्ये मध्ये 'हाव' म्हणायचा. वाद घालणारा माणूस असा सगळ्याला होकार देऊन राहिला की समोरच्याला फार थकवा येतो. मी मुद्दाम चुकीचं बोलून बघायचो. त्याच्या कपाळावर आठी यायची, ओठ धडपडायचे आणि शेवटी तोच शब्द.

एका दुपारी बोलायचं सगळं संपलं. मग एक जुनी गोष्ट माझ्या तोंडून निघाली.

आम्ही बौद्ध. दीक्षा माझ्या आजोबांनी घेतली, मी त्याच घरात वाढलो. नांदेडला मी घर बांधलं तेव्हा भन्तेजी आले, वंदना झाली, कचेरीतले सगळे जेवायला होते. हाही आला, पण सोबत गावाकडून आलेला त्याचा थोरला भाऊ होता. पंगत बसली तेव्हा हा म्हणाला, माझा आज उपवास आहे. भावानंही तेच सांगितलं. दोघं पाणी पिऊन, आहेर देऊन गेले. हा कधीच उपवास करत नव्हता. करणाऱ्यांची थट्टा करायचा. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यानं नेहमीसारखा माझा डबा ओढला आणि मीही ओढू दिला. त्यानंतर सतरा वर्षं आम्ही जगातल्या प्रत्येक गोष्टीवर भांडलो, त्या एका दिवसाबद्दल मात्र दोघंही बोललो नाही.

मी विचारलं, "त्या दिवशी खरंच उपवास होता का रे तुझा?"

तो खुर्चीत जरा पुढं सरकला. मग म्हणाला, "हाव." थोड्या वेळानं पुन्हा, जरा जोरात, "हाव." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी घाबरून सुनेला हाक मारली. तिनं त्याचं तोंड पुसलं आणि मला सांगितलं की या आजारात रडू आपोआप येतं, परवा बातम्या बघतानाही असेच रडले. म्हणजे रडण्यावरूनही काही धरता येत नव्हतं. तो कबूल झाला, की खोटं रेटून बोलला, की माझ्यावर चिडला, हे मला आजही माहीत नाही. त्याला बोलता येत होतं तेव्हा मी विचारलं नाही, मग त्याच्यावर ठपका ठेवण्यातही अर्थ नव्हता. त्या दिवशी गाडीत मला राग नव्हता, हलकंही वाटत नव्हतं. नुसता शीण होता.

तरी जाणं सोडलं नाही. गुडघ्यांमुळे आता दोन महिन्यांनी जातो. मागच्या खेपेला मी बोलता बोलता त्याचा डोळा लागला. मी पिशवी उचलून निघालो तेव्हा सून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "काका, घाई नसेल तर बसा थोडं."

मला वाटलं काही औषधाचं असेल. तसं काही नव्हतं. नवरा सोलापूरला नोकरीला, शनिवारी येतो आणि बहुतेक झोपतो. दिवसभर ती एकाच शब्दाशी बोलते. तिनं बी.एड. केलं आहे, हे मला इतक्या खेपांत माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. दोन वर्षं ती शाळेत शिकवत होती, इतिहास. सासऱ्यांना झालं तशी सोडली. मुलं कसे प्रश्न विचारायची, मुख्याध्यापिका कशी होती, निलंग्याकडच्या तिच्या माहेरी कन्नड बोलणारी आजी तिला कशी रागवायची, हे ती सांगत राहिली. मध्येच थांबून म्हणाली, मीच बोलून राहिले की. मी म्हणालो, बोल, मला काय काम आहे?

चारची गाडी गेली. सहाची मिळाली, तिला गर्दी होती. अहमदपूरपर्यंत उभ्यानं आलो.