एक गाडी, तीन चलनं

त्यानं माझा कीबोर्ड उचलला आणि कपाटावर ठेवला.

"आता फक्त माउस. बघू काय येतंय."

ट्रेनिंगला वीस माणसं. सगळी हसली. हा नवीन सिस्टिमवाला साहेब, वय माझ्या पुतण्याएवढं. माउस जरासा ढकलला, बाण पडद्याच्या कोपऱ्यात पळाला. हजेरीच्या यादीत माझं आडनाव वाचून तो म्हणाला, "कंपनीतपण कोटा असतो वाटतं!" पुन्हा हशा. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

एकोणीस वर्षं मी चाकणच्या या कारखान्यात डिस्पॅचला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचं नावच नाही. आणि काय थाट होता म्हणून सांगू! पार्ट नंबर, नग, गाडी, एंटर, एंटर. माझी बोटं कायम एक पान पुढं. पडदा मागून धापा टाकत यायचा. ड्रायव्हरचा चहा संपायच्या आत मालाचं चलन त्याच्या हातात.

नवी सिस्टिम आली. ब्राउझरमधली, रंगीत. बोटं मात्र जुनीच. एंटर दाबलं, पडद्यावर गोल चक्र फिरत बसलं. बोटांना थांबायची सवय कुठं? पुन्हा एंटर. पुन्हा. एका गाडीची तीन चलनं निघाली. गेटवरून वॉचमनचा फोन, "ताई, तीन गाड्या दावतंय, माझ्यापुढं तर एकच उभी हाय!"

एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा जादाची दोन चलनं रद्द करायचं बटण शोधत बसले.

केबिनमध्ये बोलावणं. साहेबानं टाइप केलेला कागद सरकवला. 'मी संगणक हाताळण्यास असमर्थ आहे. स्वखुशीने पॅकिंगला जात आहे.' पॅकिंग ठेकेदाराकडं. तिथल्या बाईला एखाद्या सकाळी गेटवरूनच परत पाठवतात. कारण सांगत नाहीत.

"सही करा. उगाच वाढवू नका."

पेन घेतलं. भ्याले होते, खोटं कशाला सांगू? तो शब्द पुन्हा वाचला. असमर्थ. एकोणीस वर्षं गाड्या काढणारी ही बोटं?

"साहेब, तुम्हीच एंटर दाबा तीनदा. बघू किती चलनं निघतात."

त्यानं कीबोर्डला हात लावला नाही. त्याला माहीत होतं. पडद्यातली ही खोट आधीपासून माहीत होती.

मी कागद उलटा केला. मागं लिहिलं, 'जुना पडदा दुसऱ्या एंटरला अडवायचा, चलन झालंय म्हणून सांगायचा. नवा अडवत नाही. चूक तिथं आहे.' खाली सही ठोकली. मोबाइलवर फोटो काढला. घाईत फोटोत निम्मं टेबलच आलं. परत काढला आणि कागद साहेबापुढं सरकवला.

अजून डिस्पॅचलाच आहे. भीती गेलेली नाही. साहेब खुर्चीमागून गेला की मान आखडते. नवा पडदा शिकतेय, शिकेनच. पण 'असमर्थ' या शब्दाखाली माझी सही मिळणार नाही. काढायचं तर काढा. कारण तुम्ही लिहा, तुमच्या अक्षरात, खाली तुमचं नाव घालून.