तारेची कूस

कंधार सोडलं तेव्हा आम्ही कुणाचाही निरोप घेतला नाही. लग्नाला निघालोय असं दाखवत बैलगाडीत बसलो. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आईनं तशाच ठेवल्या, शेजाऱ्यांना संशय नको म्हणून. गाडी वेशीबाहेर पडल्यावर वडील, म्हणजे आमचे अण्णा, पुटपुटले, "गफूरनंच चुगली केली. दुसऱ्या कुणाला ठावंच न्हवतं."

निजामी राजवटीचे ते शेवटचे महिने. अण्णांचं कापडाचं दुकान होतं आणि त्याच्या ओसरीवर गफूरमामा शिलाई मशीन चालवायचे. आमच्याकडे रेडिओ होता. त्याची एरियल म्हणजे गच्चीवर दोन बांबूंना ताणलेली तांब्याची तार. रेडिओवाल्यांची रीत अशी, की जे स्टेशन ऐकायचं त्याच्याकडे तारेची कूस, म्हणजे लांब बाजू, करायची. टोकांकडचं तिला नीट ऐकू येत नाही. आमची तार हैदराबादसाठी बांधलेली. पण हैदराबाद 'सगळं ठीक आहे' म्हणायचं आणि गावात रोज नवीन भानगड. मुंबईच्या बातम्या ऐकणं सरकारला खपत नव्हतं. तरी अण्णांनी एका दुपारी तार दक्षिणोत्तर फिरवली, कारण मुंबई पश्चिमेला. बांबू धरायला गफूरमामा होते. मग संध्याकाळी दोघं दार लोटून, सेटला कान लावून बसायचे.

थोड्याच दिवसांत पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, आला. ओसरीवर चढलासुद्धा नाही. रस्त्यावरूनच वर गच्चीकडे बघत म्हणाला, "काय अण्णा, बंबईची हवा कशी हाय?" सेट उचलून नेला आणि अण्णांना सकाळी ठाण्यावर यायला सांगितलं. ठाण्यावर गेलेली माणसं कशी परततात ते आम्ही पाहिलं होतं. म्हणून सकाळी आम्ही निजामाच्या हद्दीपलीकडच्या सोलापूरची वाट धरली.

सोलापुरात अण्णांनी पुन्हा दुकान थाटलं, पण ओसरीवर शिंपी कधी बसू दिला नाही. मीही त्याच वळणावर गेलो. कुणी गोड बोललं की याच्या पोटात काय आहे, हेच आधी मनात यायचं.

कॉलेजात सरांनी फळ्यावर एक तार काढली आणि तिच्याभोवती इंग्रजी आठाचा आकडा. तार दोन्ही कुशींकडून ऐकते, टोकांना बहिरी. मला गच्चीवरची आमची फिरवलेली तार आठवली. ज्याला ही रीत ठाऊक, त्याला रस्त्यावरूनच सगळं कळणार. चुगली करायला माणूस लागतोच कशाला? सुट्टीत अण्णांना सांगितलं. "तार बोलती व्हय? माणूसच बोलतंय," ते म्हणाले. मरेपर्यंत त्यांनी ते मानलं नाही.

पुढे बंगळुरूत माझी हयात अँटेना बनवण्यात गेली. आता एका फळीवर कितीतरी छोट्या अँटेना बसवतात, प्रत्येकीची लहर किंचित मागेपुढे करतात, आणि काहीही न हलवता बीम, म्हणजे लहरींचा झोत, हवा तिकडे वळतो. रस्त्यावरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. हेच काम मला का आवडलं, ते मी ऑफिसात कुणाला बोललो नाही.

अण्णा गेल्यावर कंधारला गेलो. गफूरमामा पार थकले होते. मला ओळखलं, पण बस म्हणाले नाहीत.

"तुमी गेले त्याच दिवशी मला उचलून नेलं. हात मोडला, मशीन बंद पडली. अण्णानं जाता जाता माझं नाव सांगितलं, असंच मी समजून राहिलो."

मी काडीनं मातीत तार काढली, आठाचा आकडा काढला, कुणीच कुणाचं नाव सांगितलं नव्हतं, तारेवरूनच कळलं, हे समजावलं. त्यांनी वाकून तो आकडा पाहिला.

"अण्णाला पटलं हे?"

"नाही."

"मलाबी पटून नाही राहिलं," ते म्हणाले. "पण उभा कायला? बस."

मला रडू आवरलं नाही. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, बंगळुरूत माझ्या नावाचं घर आहे. पण विश्वास नसतानाही मला बस म्हटलं ते कंधारात, आणि कुणी गाव विचारलं की मी तेच सांगतो.